घाटाखाली एक दिवस

मंडळी, तुमच्या गावापासून समुद्र किती लांब आहे, हे कधी मोजून पाहिले आहे का? आमच्या गावापासून तो शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. एस.टी.ने तीन-साडेतीन तासांची वाट. पण एवढी वाट संपवायला आम्हा नवरा-बायकोला ३३ वर्षे लागली! त्या एका दिवसाची ही हकीकत आहे. ती वाचून तुमच्यापैकी एखाद्या घरात ‘चला, आपणही जाऊन येऊ’ असे कोणी म्हणाले, तर लिहिल्याचे सार्थक झाले.

आमचे गाव शाहूवाडी तालुक्यात, बांबवड्याच्या बाजूला. थोडा ऊस, थोडे भात आणि दारात दोन म्हशी. सौ.चे माहेर त्याच रस्त्याला, मलकापूरच्या पुढे. तिचे वडील तरुणपणी ट्रकवर क्लीनर होते. कोल्हापूरचा गूळ घाट उतरून रत्नागिरीला न्यायचा आणि येताना नारळ, सुकी मासळी भरून आणायची, हे त्यांचे काम. घरी आले की मुलींना समुद्राच्या गोष्टी सांगायचे. “एकदा तुम्हाला नेतो,” म्हणायचे. ते काही त्यांच्या हातून झाले नाही. लग्न झाल्यावर मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, “ते काम आता माझ्याकडं.”

पुढे काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. कधी लावणी, कधी भांगलण, कधी उसाची तोड आलेली, तर कधी म्हैस व्यायला झालेली. शेतकऱ्याच्या घरात सवड कधी सापडत नाही, ती काढावी लागते. आणि मी ती काढली नाही, हे कबूल केले पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात सौ.चे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्यांना स्वच्छ दिसू लागले तसे एके दिवशी शेणाची पाटी खाली ठेवून ती म्हणाली, “डोळं तर नवं झाल्यात. आता ह्यांनी काय बघू? ही पाटीच?” मला उत्तर देता आले नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमची लावणी आटोपली आणि पावसाने झड धरली. शेतात पाऊल घालता येईना. तेव्हा मीच म्हणालो, “बुधवारी जाऊ.” म्हशीची धार सूनबाईंवर सोपवली. सौ.ला त्याचीच चिंता. “ती परक्या हाताला पान्हा सोडत न्हाई,” असे दहा वेळा म्हणून झाले.

पहाटे भाकरी-पिठलं बांधून घेतले आणि सहाच्या सुमाराला बांबवड्याला एस.टी. धरली. बायकांना मार्च २०२३ पासून एस.टी.त निम्मे तिकीट आहे. कंडक्टरने दोन तिकिटे फाडली, तेव्हा सौ. म्हणाली, “बघा, माझा खर्च निम्माच हाय. तेवढ्यासाठी ३३ वर्सं थांबलात व्हय?” गाडीतली चार माणसे हसली. मीही हसलो.

मलकापूर मागे पडले आणि आंब्याजवळ धुके गाडीच्या काचेला येऊन भिडले. आंबा घाटाचा माथा नीट ध्यानात घ्यावा असा आहे. माथ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस कडवी नदीत जातो. कडवी वारणेला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा सारी मिळून सुमारे १४०० किलोमीटर वाहत आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. माथ्याच्या पलीकडे पडलेला पाऊस मात्र काजळी नदीत उतरतो आणि साखरप्यावरून रत्नागिरीच्या भाट्ये खाडीत, अरबी समुद्रात जातो. म्हणजे एकाच ढगाचा पाऊस, पण चार पावले इकडे पडला तर त्याला सारा मुलूख तुडवावा लागतो आणि चार पावले तिकडे पडला तर साठ-पासष्ट किलोमीटरमध्ये तो समुद्राला लागतो. सौ.ला हे सांगितले, तर ती म्हणाली, “म्हंजी आपल्या वावरातलं पाणीबी आपल्यासारखंच. जवळचा समुद्र टाकून लांब जातंय.”

घाट उतरताना उजव्या-डाव्या हाताला धबधबेच धबधबे. पाहायला सुंदर, पण जपून राहावे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत याच घाटात दरडी कोसळून रस्ता खचला होता आणि अवजड गाड्या पुष्कळ दिवस बंद होत्या. आमच्या ड्रायव्हरने दिवे लावून, भोंगा वाजवत, अगदी बैलाच्या चालीने गाडी खाली आणली.

साखरप्याला उतरल्यावर मुलूखच बदलला. माती तांबडी, दगड तांबडा, ओढ्याचे पाणीही तांबडे. घरे जांभ्या दगडाची, उतरत्या छपरांची. शेते म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची लहान खाचरे, आपल्याकडच्या एका वाफ्याएवढी. लावणी चालू होती. बायका ओणव्या रांगेने मागे सरकत होत्या. बहुतेकींच्या अंगावर प्लॅस्टिकचे कागद होते, पण एका म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर पानांचे विणलेले जुने इरले दिसले. बांधावर पॉवर टिलर उभा आणि शेजारच्या खाचरात बैलांची चिखलणी. सौ. खिडकीतून मान बाहेर काढून पाहत होती. “रोपं लई जवळजवळ लावल्यात,” ती म्हणाली. बाई सहलीला निघाली तरी तिच्यातली शेतकरीण घरी राहत नाही.

साडेनऊला रत्नागिरीत उतरलो. रिक्षाने आधी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. आमची समजूत अशी की बंदरावर मासळीची झुंबड असेल. पाहतो तो सारे शांत. होड्या किनाऱ्याला ओळीने लावलेल्या, वर ताडपत्र्या बांधलेल्या. सुगी संपल्यावर आपल्याकडे गोठ्याच्या कडेला गाड्या सोडून ठेवतात, तसे वाटले. एका पडवीत चार-पाच माणसे जाळ्याची भोके विणत बसली होती. शेजारी एक बाई सुक्या मासळीच्या टोपल्या मांडून बसली होती. पाऊस वाढला तशी तिने आम्हाला आत बोलावले.

“कुठनं आलाव बाय?” तिने सौ.ला विचारले.

“घाटावरनं.”

“लावणी झाली?”

आम्ही दोघेही चकित झालो. समुद्रावर पोट असलेल्या बाईने पहिला प्रश्न लावणीचा विचारावा! ती हसून म्हणाली, “आमच्या होड्या वर आल्या का तुमची औतं चिखलात उतरतात. एवढं ठावं आहे आम्हाला.”

मग तिने जे सांगितले ते आपण शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्रावर चालणाऱ्या होड्यांना मासेमारी बंद असते. एक तर पावसाळ्यात समुद्र खवळलेला, आणि दुसरे म्हणजे याच दिवसांत पुष्कळ माशांच्या पोटात अंडी असतात. त्या अंड्यांना गाभोळी म्हणतात. एका मादीच्या पोटात हजारो अंडी. ती एक मादी आज जाळ्यात आली, तर उद्याची हजारो मासळी गेली. “दर्या आता बाळंतीण आहे,” ती म्हणाली, “बाळंतिणीला कोण त्रास देतो?”

सौ. लगेच म्हणाली, “आमच्यात बियाण्याची कणगी असतीया. उपाशी ऱ्हावं, पण तिला हात लावू नये.”

“तसंच हो बाय, तसंच.”

पण बियाणे राखायचे तर कोणीतरी उपाशी राहतेच. तिचा नवरा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. होडी, जाळी, डिझेल, बर्फ मालकाचा. मासळी विकली की खर्च वजा करायचा आणि उरलेल्या पैशाचे वाटे पाडायचे. होडी बंद की वाटाही बंद. मग मालकाकडून उचल घ्यायची आणि पुढच्या हंगामात फेडायची. आपल्याकडच्या ऊसतोडणीच्या उचलीची आठवण झाली. शिवाय एकाने नियम पाळायचा आणि दुसऱ्याने प्रखर दिवे लावून लहान पिल्लांसकट मासळी ओढून न्यायची, हेही तिचे दुखणे होते. विहिरीला पाणी कमी असताना एकाने रात्रीची चोरून मोटार चालवावी, तसाच हा प्रकार. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, तिकडे तिचे डोळे लागले होते. आपले जसे मृगाकडे लागतात.

निघताना तिच्याकडून जवळा आणि सुके बोंबील घेतले. बायांनो, सुकी मासळी पावसाळ्यात घ्यायची तर हातात घेऊन पाहा. ती खडखडीत हवी, मऊ लागली तर घेऊ नका. घरी आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हे तिनेच सांगितले, आणि विकणाऱ्या बाईने सांगितलेले खरे मानायला हरकत नाही.

दुपारी एका खानावळीत भात, माशाची आमटी आणि सोलकढी घेतली. आमची भाकरी-पिठलं तिथेच सोडले, तर खानावळवाल्या बाईंनी शेजारी कांदा आणून ठेवला. मग भाट्याच्या पुलावरून पलीकडे गेलो. पुलाखालून जाते तीच काजळी, घाटात आमच्याबरोबर उतरलेली. तांबडी लाल, दोन्ही थड्या भरून. आणि पुलावरूनच समुद्र दिसला.

भाट्याच्या किनाऱ्याला सुरूची बने आहेत. त्या झाडांतून बाहेर आलो तसे सौ. जागच्या जागी उभी राहिली. पाऊस तिरपा मारत होता, छत्री उलटी झाली होती, तिकडे तिचे लक्ष नव्हते. आभाळ आणि पाणी एकाच रंगाचे झालेले, मध्ये शीव अशी नाहीच. लाटा घराएवढ्या उठून येत होत्या. आम्ही दोघे किती वेळ तसेच उभे राहिलो कोणास ठाऊक. शेवटी ती एवढेच म्हणाली, “आबा म्हणायचं, आवाज लांबनं ऐकू येतोय. खरंच येतोय.”

मग ती पुढे चालू लागली. घोट्यापर्यंत पाणी आले, आणखी पुढे. मी हाक मारणार एवढ्यात सुरूच्या वाळक्या फांद्या गोळा करणारा एक म्हातारा ओरडला, “बाय, मागे या! पाणी परत जाताना पायाखालची वाळू नेते!” मी धावत जाऊन तिचा हात धरला. म्हाताऱ्याने जवळ येऊन आमची चांगली कानउघाडणी केली. पावसाळ्यात नदीच्या मुखाशी पाण्याची ओढ कुणीकडे असते ते वरून कळत नाही, पोहणाऱ्यालाही नाही, असे तो म्हणाला. दोष माझाच होता. आपल्या विहिरीची खोली आपल्याला माहीत असते, समुद्राची नसते.

आम्ही दहा पावले मागे, ओल्या वाळूवर थांबलो. सौ.ने पिशवीतून एक पुरचुंडी काढली. आत आमच्याच उसाच्या गुळाचा खडा होता. मला त्याचा पत्ता नव्हता. “आबा हितवर गूळ आणायचा,” ती म्हणाली. खडा वाळूवर ठेवला, हात जोडले. दोन-तीन लाटा अलीकडेच फुटल्या. मग एक आली आणि घेऊन गेली.

भाट्यालाच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. तिथून बाणवली जातीचे एक रोप घेतले. ही उंच जात, फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. न्हाणीच्या सांडपाण्यावर लावले तर वेगळे पाणी द्यावे लागत नाही, पण मुळाशी पाणी तुंबू द्यायचे नाही. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली ज्या घरात झाला ते घर, आणि ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, ज्या गावी ठेवले तिथला त्याचा राजवाडा, हे दोन्ही पाहायचे राहिले. एका दिवसात सगळे होत नाही.

तुम्ही पावसाळ्यात जाणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. घाट चालू आहे का, ते आदल्या दिवशी एस.टी. स्टँडवर विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला समुद्राला उधाण असते, ते दिवस टाळा. भरतीची वेळ तिथल्या माणसांना विचारा, कारण ती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आणि पाण्यात उतरू नका, काठावरून पाहा. पाहायलाच पुष्कळ आहे.

साडेतीनची गाडी धरली. घाट चढताना पुन्हा तेच धुके. सौ. नारळाचे रोप मांडीवर धरून झोपली होती. घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दारात पाऊल टाकताच तिने विचारले, “धार?”

“काढली की,” सूनबाई म्हणाल्या. “मुकाट पान्हा सोडला.”

सौ. माझ्याकडे पाहून हसली. मंडळी, ३३ वर्षे आम्ही ज्या म्हशीसाठी थांबलो होतो, तिचे आमच्यावाचून काही अडले नव्हते. आपल्या घरातल्या माणसांच्या अशा लहानसहान इच्छा असतात. त्या मोठ्याने बोलल्या जात नाहीत म्हणून मागे राहतात. लावणी आटोपली असेल आणि झड लागली असेल, तर यंदा एक दिवस काढा. रोप आम्ही न्हाणीमागे लावले आहे. त्याला नवीन पान आले आहे.