अर्जातील एक रकाना

अण्णांची मोटार सांगलीतील घरासमोरून रात्री चोरीस गेली. सकाळीच पोलिसांत फिर्याद दिली, विमा कंपनीसही कळविले. अण्णा अडले ते दाव्याच्या अर्जापाशी.

मोटार जुनी. चिपची किल्ली ओळखल्याखेरीज इंजिन सुरू होऊ न देणारा कारखान्याचा इमोबिलायझर तिला नव्हता. म्हणून अण्णांनी पुण्याच्या एआरएआयने मान्य केलेले चोरीरोधक यंत्र बसविले आणि ती बसवणी ऑटोमोबाईल असोसिएशनकडून रीतसर प्रमाणित करून घेतली होती. त्यापोटी मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये, सूट मिळे. मोबदल्यात विमाधारकाने एक हमी द्यायची: पॉलिसीची मुदत संपेपर्यंत यंत्र चालू स्थितीत ठेवीन.

आणि यंत्र तर वर्षभर बंद होते! मांजराने टपावर उडी मारली तरी भोंगा कोकले. शेजारच्या आजारी आजोबांची झोप उडे. अण्णांनी मेकॅनिककडून वायरी सोडवून घेतल्या. सूट मात्र चालूच राहिली. ती नाकारायचे कोणाला सुचले नाही, अण्णांनाही नाही.

"गाडीच नाही, तर तपासणार कोण? 'चालू' लिहा," एजंट म्हणाला. बोलण्यात खोट नव्हती. हीच तर पंचाईत.

अण्णांनी दोन्ही किल्ल्या पाकिटात घातल्या. पेन हाती घेऊन बराच वेळ ते तसेच बसले. दावा फेटाळला गेला, तर दुसरी मोटार घेण्याइतके पैसे घरात नव्हते. काकूंनी काही न विचारता दिवा जवळ सरकविला. मग रकान्यात त्यांनी यंत्र कधी व का सोडविले ते लिहिले, आणि खाली सही केली.