सुट्टे पैसे

परवा कागदपत्रं आवरताना गेल्या फेब्रुवारीतल्या क्रूझचं बिल हाती लागलं. चार पानी. त्यावर अण्णांच्या अक्षरात निळ्या पेनाने केलेल्या खुणा आहेत. ते फाडून टाकायला हात होईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

आई-अण्णा सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आमच्याकडे आले होते. इकडे राहणाऱ्यांना हे प्रकरण ठाऊक असेल. पहिला महिना न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, त्यानंतर थंडी आणि खिडकीतून बाहेर बघणं. अण्णांचे गुडघे कुरकुरतात, आई माळकरी, बाहेरचं खाणं जपून. तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं ते क्रूझवर. एकदा सामान खोलीत टाकलं की आठ दिवस उचलायला नको, जेवण तयार, आणि रोज सकाळी नवं बेट दारात. सान हुआनहून निघायचं, सात रात्री, मधे पाच बेटं.

मी आणि बायको २०१३ मध्ये अशाच एका बोटीवर गेलो होतो. तेव्हा बक्षिसी माणशी दिवसाला बारा डॉलरच्या आसपास होती, आणि रात्री भूक लागली तर खोलीवर सँडविच फुकट यायचं. तोच हिशेब डोक्यात धरून मी बुकिंग केलं. आता बक्षिसी बहुतेक बोटींवर माणशी दिवसाला सोळा ते वीस डॉलर आहे. आमची अठरा होती. चौघांचे सात दिवसांचे ५०४ डॉलर, बोटीवर पाय ठेवायच्या आधीच. २०२४ च्या जुलैपासून कॅलिफोर्नियातल्या एका कायद्यामुळे जाहिरातीतल्या भाड्यात कर आणि बंदराचे आकार धरून दाखवतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. बक्षिसी मात्र त्यात नसते. इंटरनेट वेगळं, खोलीवर जेवण मागवलं तर वेगळं, चांगल्या उपाहारगृहाचं वेगळं. पेयांचं पॅकेज एकाने घेतलं तर त्या खोलीतल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही ते घ्यावं लागतं, असा पुष्कळ बोटींवर नियम आहे. माळकरी आईला दारूचं पॅकेज! पॅकेज अर्थातच घेतलं नाही.

ह्यामागचं गणित समजण्यासारखं आहे. २०२० च्या मार्चमध्ये सगळ्या बोटी बंद पडल्या, त्या वर्षभराहून जास्त काळ. कंपन्यांच्या डोक्यावर कर्जाचे डोंगर झाले. भाडं वाढवलं तर लोक दुसरी बोट बघतात. मग भाडं कमी दाखवायचं आणि माणूस बोटीवर आला की थोडं थोडं काढायचं. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा असा बोटीवरच्या खर्चातून येतो. बुडत्या धंद्याने हातपाय मारले, त्याला मी नावं ठेवणार नाही. मला सांगायचंय ते निराळंच.

अण्णा एसटीत होते. पस्तीस वर्षं, त्यातली बहुतेक वाई डेपोत कंडक्टर म्हणून. येताना त्यांनी बँकेतून दोनशे डॉलर आणले होते, एका चेन लावलेल्या पाकिटात, बनियनच्या आतल्या खिशात. "पोराच्या जिवावर किती बसायचं," असं आईजवळ म्हणाले होते म्हणे. ते दोनशे डॉलर अमेरिकेत चार महिने तसेच राहिले, कारण मी प्रत्येक वेळी पुढे होऊन कार्ड सरकवायचो. मला वाटायचं, मी कर्तव्य करतोय.

आणि बोटीवर तर रोख पैसे चालतच नाहीत. खोलीची किल्ली हेच पैशाचं कार्ड. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी ताज्या संत्र्याच्या रसाचा ग्लास घेतला, ऐटीत पाकीट काढलं, आणि काउंटरवरच्या मुलाने हसून मान हलवली. कार्ड माझ्या खात्याला जोडलेलं. रस सहा डॉलर, त्यावर १८ टक्के सेवाशुल्क, सात डॉलर आठ सेंट. अण्णांनी चिठ्ठी नीट वाचली. रुपयांत किती झाले ते त्यांनी मनात केलं असणार, कारण त्यानंतर त्यांनी रस घेतला नाही.

नंतर ते प्रत्येक गोष्टीला हळूच विचारायला लागले, "हे आपल्या भाड्यात आहे का रे?" चहाला विचारलं. आइस्क्रीमला विचारलं. डेकवरच्या खुर्चीला विचारलं. तिसऱ्या दिवसापासून विचारणंही बंद झालं, नुसतं "मला नको" सुरू झालं. मी चिडून म्हणालो, "अण्णा, पैशाचं बघू नका हो!" वास्तविक मी स्वतः रोज रात्री फोनवर बिल बघत होतो, आणि त्यांना दिसू नये म्हणून फोन पालथा ठेवत होतो.

सहाव्या दिवशी बार्बाडोस होतं. आदल्या संध्याकाळी मी बोटीवरच्या सहलींच्या खिडकीशी उभा होतो. बसमधून बेटाची साडेतीन तासांची फेरी, माणशी ७९ डॉलर, चौघांचे ३१६. अण्णा माझ्या मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही.

"तुम्ही तिघं जाऊन या," ते म्हणाले. "मी बोटीवरच थांबतो. गुडघा दुखतोय."

गुडघा दुखत नव्हता. बार्बाडोस म्हणजे ब्रिजटाऊन, आणि ब्रिजटाऊन म्हणजे केन्सिंग्टन ओव्हल. १९७१ साली वाडेकरांचा संघ वेस्ट इंडिजला गेला तेव्हा अण्णा पंधरा वर्षांचे होते, आणि वाचनालयातल्या पेपरातली धावफलकाची चौकट वहीत उतरवून घेत होते. त्या मैदानावर दिलीप सरदेसाईंनी १५० केल्या, दुसऱ्या डावात गावसकर नाबाद ११७, कसोटी अनिर्णित. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाढ्यांसारखं पाठ आहे. आणि हा माणूस त्या मैदानापासून मैलाच्या आत येऊन बोटीवर बसून राहणार होता. का, तर ७९ डॉलर.

मी रांगेतून बाहेर आलो. म्हटलं, "अण्णा, सहल नाही घ्यायची. आपलं आपण फिरायचं. बसने."

"बसने?" अण्णांचा चेहरा जरा बदलला.

सकाळी साडेआठला बंदराबाहेर पडलो. फाटकाशी टॅक्सीवाल्यांची गर्दी होती, त्यांना हात जोडून आम्ही रमतगमत चालत पंधरा-वीस मिनिटांत ओव्हलला पोहोचलो. बाहेर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे, फटका मारण्याच्या पवित्र्यात. अण्णा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग फाटकाच्या जाळीतून आत बघत बायकोला सांगायला लागले. १९६२ साली इथेच ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला. रक्त द्यायला आपले चंदू बोर्डे होते आणि त्यांचा कप्तान फ्रँक वॉरेलही. "दुसऱ्या संघाचा कप्तान गं!" मग २९ जून २०२४ ची रात्र. आपण इथेच सात धावांनी विश्वचषक जिंकलो, सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला. आम्ही ती मॅच घरी बघितली होती, अण्णा वाईला आणि मी इकडे, फोन चालू ठेवून. आत जायला मिळालं नाही. त्याची खंत फक्त मलाच वाटली.

तिथून चीपसाइडच्या मंडईत. लाल भोपळे, रताळी, केळी बघून आई एकदम माहेरी आल्यासारखी फिरायला लागली. बायको वेंगुर्ल्याची, तिला नीरफणस दिसला. हा कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ताहितीहून कॅरिबियनमध्ये आणला, गुलामांना स्वस्तात पोट भरायला काहीतरी हवं म्हणून. आता इथल्या लोकांना तो आपलाच वाटतो. अण्णांनी केळी घेतली आणि माझा हात कार्डाकडे जायच्या आत बनियनमधून पाकीट बाहेर आलं. वीस डॉलरची नोट. इथे अमेरिकन डॉलर सर्रास चालतो, एकाचे त्यांचे दोन. भाजीवालीने नोट उजेडात धरून बघितली आणि मोड त्यांच्या पैशांत दिली, नोटा आणि नाण्यांची चळत. एक डॉलरचं त्यांचं नाणं सात कोनांचं आहे आणि त्यावर उडणारा मासा. अण्णांनी नाणी बोटांनी सरकवत मोजली. पस्तीस वर्षं मोजणारी बोटं ती.

बाजूलाच पिवळ्या मिनीबस उभ्या होत्या. स्पाइट्सटाऊनला, किनाऱ्याकिनाऱ्याने, साडेतीन बार्बाडोस डॉलर. म्हणजे पावणेदोन अमेरिकन. आत गाणी दणाणताहेत, दोघांच्या बाकावर तिसरा, दारात कंडक्टर पोरगा गिऱ्हाईक ओरडून बोलावतोय. अण्णा म्हणाले, "हे वडाप आहे!" आणि इतके खूश झाले की विचारू नका. चढणारा प्रत्येक माणूस सगळ्या बसला 'गुड मॉर्निंग' म्हणत होता. दोन स्टॉपनंतर अण्णाही उत्तर द्यायला लागले. भाडं त्यांनीच दिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं होतंच, घरांच्या फटीफटींतून समुद्राचा निळा तुकडा दिसे आणि नाहीसा होई.

स्पाइट्सटाऊन हे तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. किनाऱ्यावर आई एका झाडाच्या सावलीत बसायला निघाली, तर मासळी साफ करणारी एक बाई हातातलं काम टाकून धावत आली. झाडाच्या खोडावर लाल पट्टा होता. ते मँचिनील, विषारी झाड. फळ खाल्लं तर घात, आणि पाऊस पडताना खाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. तिने आईचा हात धरून दुसऱ्या झाडाखाली नेऊन बसवलं. आईला तिचं इंग्रजी कळलं नाही, तिला आईचं मराठी कळलं नाही, तरी दोघी पाच मिनिटं बोलत होत्या.

जेवायला एका दुकानाच्या पाटीवर चक्क 'रोटी' लिहिलेलं. मोठी मऊ पोळी आणि आत बटाट्याची भाजी. गिरमिटिया मजुरांबरोबर ती त्रिनिदाद आणि गयानात आली, तिथून इकडे. "ह्यात अंडं-बिंडं नाही ना?" ही चौकशी झाल्यावर आईने ती पूर्ण संपवली. बोटीवर पाच दिवस ती भात आणि दही खात होती.

परतताना माझ्या पोटात गोळा. बोटीची सहल घेतली तर बस उशिरा आली तरी बोट थांबते. आपलं आपण फिरलो तर थांबत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर आठ प्रवासी असेच मागे राहिले होते, त्यांची बातमी मला तोंडपाठ. आम्हाला साडेचारपर्यंत बोटीवर परतायचं होतं, म्हणून दोनलाच बसस्थानकात हजर झालो. ह्या वेळी निळी सरकारी बस. विजेवर चालणारी, आवाज नाही. "आपल्या शिवाईसारखी," अण्णा म्हणाले. ह्या बसमध्ये कंडक्टर नाही. ड्रायव्हरजवळच्या पेटीत पैसे टाकायचे आणि मोड मिळत नाही, नेमकेच द्यायचे.

अण्णांनी खिशातून मोजून चौदा नाणी काढली. रोटीच्या दुकानातूनही त्यांनी नाणीच मागून घेतली होती. ज्या माणसाने जन्मभर "सुट्टे द्या, सुट्टे द्या" म्हणून घसा कोरडा केला, तो काय सुट्ट्यांवाचून बसमध्ये चढणार? चौघांचं भाडं पेटीत पडलं. ते ड्रायव्हरकडे बघून हसले, आमच्याकडे वळून म्हणाले, "चला, पुढे सरका." मी मुकाट्याने पुढे सरकलो. किती वर्षांनी अण्णा मला कुठेतरी घेऊन चालले होते.

दिवसभराचा सगळा खर्च अण्णांच्या पाकिटातून, एकूण चाळीस डॉलरच्या आतबाहेर. आणि तो गेला भाजीवालीकडे, त्या पोरगेल्या कंडक्टरकडे, रोटीवाल्या बाईकडे. ३१६ डॉलर दिले असते तर त्यातले त्यांच्यापर्यंत किती पोहोचले असते, कोण जाणे.

त्या रात्री मी फोन पालथा ठेवला नाही. खाली जाऊन बिलाची छापील प्रत मागून आणली आणि अण्णांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि वेबिल तपासावं तशी एकेक ओळ तपासली. तिसऱ्या पानावर पाण्याची बाटली दोनदा लागली होती. आईने ती एकदाच घेतली होती, आणि अण्णांना वारही आठवत होता. काउंटरवर सांगितलं, त्यांनी लगेच वजा केले. चार डॉलर काही सेंट. एकूण आकडा बघून अण्णा एवढंच म्हणाले, "बरेच झाले. पण सांगायचं होतंस आधी. मी काय परका आहे?"

क्रूझवर जाऊ नका असं मी म्हणणार नाही. आई-वडिलांना न्यायला अजूनही सोपा प्रवास आहे. फक्त निघण्याआधी बक्षिसी, इंटरनेट, पेयं सगळं धरून बेरीज करा आणि तो आकडा त्यांनाही सांगा. एखाद्या तरी बेटावर आपलं आपण फिरा, घड्याळ बोटीच्या वेळेला लावा, परतायला दोन तास हाताशी ठेवा. आणि थोडे रोख पैसे त्यांच्या खिशात असू द्या. तुमच्या नाही, त्यांच्या.

ते सात कोनांचं एक नाणं अण्णा वाईला घेऊन गेले. डेपोतल्या जुन्या मित्रांना दाखवायला, म्हणे. उरलेले डॉलर जाताना आमच्या देवघरात ठेवून गेले. मी परत द्यायला गेलो नाही.