मॉन-एलचा अज्ञातवास

ज्या कथेचे सारे बळ एका रहस्यात साठवलेले असते, ते रहस्य एकदा फुटल्यावर त्या कथेत पुन्हा जाण्यासारखे काही उरते का, हा प्रश्न 'अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स' या अमेरिकी चित्रकथा-मासिकाचा ३०५वा अंक पुन्हा उघडताना माझ्या मनात होता. अंक फेब्रुवारी १९६३चा, किंमत बारा सेंट, संपादक मॉर्ट वाइझिंगर आणि चित्रकार जॉन फोर्ट. तिसाव्या शतकातील कोवळ्या वयाच्या वीरांची 'लीजन ऑफ सुपर-हीरोज' ही संघटना. तिच्या दाराशी 'मार्व्हल लॅड' असे नाव सांगणारा एक मुखवटाधारी तरुण प्रवेशाची दरखास्त घेऊन येतो. त्याचे सामर्थ्य अचाट आहे, पण आपण कोण हे काही तो सांगत नाही. त्याच्या परीक्षा होतात, त्याच्याविषयी तर्क चालतात, आणि अखेरीस मुखवटा उतरतो तेव्हा सर्वांसमोर उभा राहतो तो मॉन-एल, ज्याच्या येण्याची आशा कोणी धरलीच नव्हती.

त्या काळच्या बालवाचकाने हा अंक कोणत्या मनःस्थितीत हाती घेतला असेल, हे ध्यानात घेणे अवश्य आहे. मागल्याच महिन्याच्या अंकात लाइटनिंग लॅड हा लीजनच्या तीन संस्थापकांपैकी एक वीर कामी आला होता. १९५४ साली लागू झालेल्या 'कॉमिक्स कोड' या आचारसंहितेच्या कडक अमलाखाली निघणाऱ्या त्या मासिकांत नायकाचा मृत्यू ही फार दुर्मीळ गोष्ट होती, आणि तो घाव ताजा असतानाच एक अनोळखी इसम उंबरठ्यावर उभा राहतो. अशा वेळी आगंतुकाकडे कौतुकाआधी संशयानेच पाहिले जाते, आणि लीजनच्या तरुणांइतकाच वाचकही त्या संशयाचा भागीदार होतो. मनातल्या मनात तो जी नावे घोळवतो त्यांत मॉन-एलचे नाव येतच नाही. कारण मॉन-एलला शिसे बाधते, आणि शिशावर उतारा नाही म्हणून तर तो बंदिवासात पडलेला आहे.

त्या बंदिवासाची हकीकत जून १९६१च्या 'सुपरबॉय' मासिकाच्या ८९व्या अंकात आली होती. लेखन रॉबर्ट बर्नस्टीन यांचे आणि चित्रे जॉर्ज पॅप यांची. सुपरबॉयच्या स्मॉलव्हिल गावाजवळ एक यान उतरते. त्यातील तरुणाची स्मृती पार पुसलेली असते, पण त्याच्यापाशी सुपरबॉयच्या जन्मदात्याच्या, जोर-एलच्या हातचा मजकूर सापडतो. हा आपला वडील भाऊच असला पाहिजे, या आनंदात सुपरबॉय त्याला घरी आणतो आणि सोमवारी आला म्हणून त्याचे नाव मॉन-एल ठेवतो. पुढे क्रिप्टन ग्रहाच्या रहिवाशांना बाधणाऱ्या क्रिप्टोनाइटचा या भावावर काही परिणाम होत नाही असे दिसताच सुपरबॉयच्या मनात किल्मिष शिरते, आणि ढोंग उघडे पाडण्याच्या हेतूने तो शिशाचे गोळे हिरवे रंगवून, क्रिप्टोनाइट म्हणून त्याच्यावर सोडतो. तरुण कोसळतो, आणि विष अंगात भिनत असतानाच त्याची स्मृती परत येते. तो डॅक्सम ग्रहाचा लार गॅंड असतो, आणि डॅक्समच्या माणसाला शिसे प्राणघातक असते. आता त्याला वाचवण्याचा एकच मार्ग सुपरबॉयपाशी उरतो: क्रिप्टनच्या अपराध्यांसाठी योजलेल्या 'फँटम झोन' नामक कैदखान्यात त्याला धाडून देणे. तेथे देह राहत नाही, म्हणून वय वाढत नाही आणि विषही चढत नाही. बाहेरचे जग दिसते, ऐकू येते. मात्र त्या जगाला आतला कोणी दिसत नाही, त्याचा शब्द ऐकू जात नाही. ज्याच्यावर ना आरोप, ना खटला, ना निवाडा, असा हा निरपराध जीव सराईत गुन्हेगारांच्या संगतीत एक हजार वर्षे काढतो. मुलांसाठी लिहिलेल्या, काही पानांच्या गोष्टीत एवढी करुणा कोणी ठेवून जावे, याचे मला आजही नवल वाटते. 'अ‍ॅडव्हेंचर'च्या ३००व्या अंकात अल्पकाळ टिकणाऱ्या औषधाच्या आधाराने तो बाहेर येतो, लीजनच्या कामी येतो, सभासदही होतो. आणि औषधाचा अंमल ओसरण्याआधी त्याला त्याच कैदेत पुन्हा रुजू व्हावे लागते.

पांडवांच्या अज्ञातवासाचे विराटपर्व ऐकणाऱ्या श्रोत्याला कंक कोण, बल्लव कोण, बृहन्नडा कोण हे प्रथमपासून ठाऊक असते, आणि त्या पर्वाची गोडी नेमकी या जाणतेपणात असते. ज्याच्यावर राजा फासा फेकून मारतो तो युधिष्ठिर आहे, हे राजाला कळत नाही आणि आपल्याला कळते, म्हणूनच तो प्रसंग आपल्याला सोसवत नाही. मार्व्हल लॅडची कथा पहिल्या वाचनात असे काही देत नाही. ती वाचकाला लीजनच्या बाकांवर बसवून कोडे घालते. दुसऱ्या वाचनात मात्र ती आपोआप विराटपर्वाच्या पंगतीला जाऊन बसते. आता परीक्षकांच्या प्रश्नांपेक्षा उमेदवाराच्या स्तब्धतेकडे माझे लक्ष राहते. जॉन फोर्ट यांच्या ज्या चित्रशैलीला ताठर म्हणून पुष्कळांनी नावे ठेवली, जिच्यातील माणसे अंग चोरून, सरळसोट आणि निर्विकार मुद्रेने उभी असतात, तीच शैली येथे मला अत्यंत उचित वाटते. कारण हजार वर्षांनी देह लाभलेला, आणि तो लाभ कोणाला सांगता न येणारा पुरुष याहून वेगळा कसा उभा राहील?

लीजनचाच सभासद ब्रेनियाक फाइव्ह याच्या औषधाने तो कायमचा बरा झाला आहे, ही वार्ता तो येताक्षणीच जाहीर करू शकला असता, आणि लीजनने त्याला सद्गदित होऊन कवटाळलेही असते. तसे न करता तो परक्याच्या वेषात रांगेत उभा राहतो. त्याचा हेतू कथेने काहीही सांगितलेला असो, मला त्यात न्यायाची एक जुनी बाकी फिटताना दिसते. स्मॉलव्हिलला तो प्रथम आला तेव्हा तो स्वतःलाच अज्ञात होता; इतरांनी त्याला ओळख दिली, इतरांनीच ती शंकेने हिरावून घेतली, आणि जी परीक्षा त्याच्यावर लादली गेली तिने त्याचे आयुष्य गिळले. या वेळी तो स्वतःला पूर्णपणे जाणतो. न जाणणारे समोर बसलेले आहेत, आणि परीक्षा त्याने आपखुशीने पत्करलेली आहे. संशय त्याच्यावर याही वेळी घेतला जातो, पण तो शांत चित्ताने सोसण्याइतका अधिकार आता त्याच्यापाशी आहे.

आणखी एका गोष्टीपाशी मी या वाचनात फार वेळ थांबलो. मुखवटा उतरल्यावर त्याला लार गॅंड हे आपले मूळ, डॅक्समचे नाव धारण करण्याची पूर्ण मोकळीक होती. स्मृती परतून तर हजार वर्षे लोटली होती. तरीही त्यापुढच्या अंकांतून तो मॉन-एल म्हणूनच वावरतो. ज्या मुलाच्या संशयाने त्याला विष दिले, त्याच मुलाने, त्याला भाऊ समजत होता त्या थोडक्या दिवसांत ठेवलेले नाव तो पुढेही चालवतो.