आधी परतीची बोट

अंदमानच्या सहलीचा विषय घरात निघाला की प्रथम विमानाचे दर पाहिले जातात, त्यानंतर हॉटेले, आणि बोटीची आठवण सर्वांत शेवटी होते. महाराष्ट्रातून निघणाऱ्या कुटुंबाच्या मनात बोट म्हणजे गेटवेवरून घारापुरीला जाणारी. गेलो, तिकीट काढले, बसलो. दक्षिण अंदमानातील पोर्ट ब्लेअर, तेथून हॅवलॉक आणि मग नील ही तीन ठिकाणे पाहावयाची असतील, तर मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. सहलीच्या वेळापत्रकाचा कणा बोटी हाच आहे. विमान आणि मुक्काम त्याभोवती बसवावेत.

आरंभी नावांचा खुलासा केलेला बरा. डिसेंबर 2018 मध्ये हॅवलॉकचे ‘स्वराज द्वीप’ आणि नीलचे ‘शहीद द्वीप’ असे नामकरण झाले. सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचे ‘श्री विजयपुरम’ झाले. आरक्षण करताना कुठे जुने नाव दिसते, कुठे नवे. आपण भलत्याच बेटाचे तिकीट काढत आहोत की काय, अशी शंका घरातील ज्येष्ठांना येते. ती अगोदरच दूर करावी. येथे सोयीसाठी जुनीच नावे वापरतो.

प्रवासाचा मार्ग त्रिकोणी ठेवावा: पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक, हॅवलॉकहून नील, नीलहून थेट पोर्ट ब्लेअर. केवळ नील पाहण्यासाठी पुन्हा मागे फिरण्याचे कारण नाही. या मार्गावर दोन प्रकारच्या बोटी चालतात. खासगी बोटी बहुधा वेगवान कॅटामरान असतात. त्या वातानुकूलित आणि क्रमांकित आसनांच्या असून पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हे अंतर सुमारे दीड ते दोन तासांत कापतात. त्यांपैकी बऱ्याच बोटींत संपूर्ण प्रवास काचेआड बसूनच होतो. डेकवर उभे राहून वारा अंगावर घेण्याची हौस असेल, तर तशी मुभा आहे का, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारावे. सरकारी बोटी संथ आणि स्वस्त. त्यांचे तिकीट पर्यटकांना हंगामात सहजी मिळत नाही, आणि याविषयी तक्रारीचा सूर मी अनेकांकडून ऐकला आहे.

मला ती तक्रार पटत नाही. आपल्याकडे खेड्यापाड्यांत एस.टी.चे जे स्थान, तेच तेथे सरकारी बोटीचे. पोर्ट ब्लेअरच्या रुग्णालयात निघालेला रुग्ण, महाविद्यालयात शिकणारी मुले, कचेरीच्या कामासाठी जाणारा शेतकरी, भाजीच्या टोपल्या या सर्वांचा तो एकमेव परवडणारा रस्ता आहे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबे या बेटांवर वसविण्यात आली. त्यांच्या वस्त्यांची नावे पाहिली म्हणजे मन हेलावते: हॅवलॉकवर राधानगर, गोविंदनगर, कृष्णनगर, नीलवर सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. घरदार सोडून आलेल्या माणसांनी अनोळखी बेटावर आपली दैवते आणि आपली रामकथा वसविली. नीलची ओळख आज समुद्रकिनाऱ्यांसाठी असली, तरी पोर्ट ब्लेअरच्या बाजाराला ते भाजीपाला पुरवणारे बेट आहे. बेटवासीयांना तिकीट सवलतीत मिळते, आणि ते मिळावेच. आपल्याला चार पैसे अधिक मोजून खासगी बोटीने जाता येत असेल, तर आनंदाने जावे.

आता मुख्य मुद्दा. आरक्षणाचा आरंभ परतीच्या बोटीपासून करावा. घरी परतण्याचे विमान ज्या दिवशी आहे, त्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर शक्य तोवर दोन दिवस आधी पोर्ट ब्लेअरला पोहोचणारी बोट निवडावी. समुद्र खवळला की बंदर प्रशासन बोटी थांबवते. त्यात कोणाचा हट्ट चालत नाही, चालूही नये. डिसेंबर 2016 मध्ये, पुढे ‘वरदा’ चक्रीवादळाचे रूप घेणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक कित्येक दिवस अडकून पडले होते. अखेर नौदलाच्या जहाजांनी आणि हेलिकॉप्टरांनी त्यांना बाहेर काढले. दरवर्षी असे घडते असे नाही. परंतु नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पूर्वार्ध हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ असतो, आणि आपल्याकडील दिवाळीच्या सुट्ट्या नेमक्या त्याच्या तोंडाशी येतात. जानेवारी ते एप्रिल हा काळ त्या मानाने शांत. शाळांचे वेळापत्रक पाहता हे प्रत्येकाला साधेलच असे नाही. ज्यांना साधत नाही, त्यांनी मोकळा दिवस अधिक कटाक्षाने राखावा.

आमच्या अकरा जणांच्या सहलीत आई शहात्तर वर्षांची होती. नीलहून निघण्याच्या दिवशी दुपारची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची मिळाली. आमचे विमान त्यानंतरच्या दिवशी असल्याने एका रात्रीचे भाडे वाढले, एवढेच. धक्क्यावर आमच्या शेजारी एक वृद्ध जोडपे बसले होते. त्यांचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळचे होते, आणि चेन्नईला पोहोचून त्याच सायंकाळी त्या गृहस्थांच्या धाकट्या भावाच्या शस्त्रक्रियेपूर्वी त्याला भेटावयाचे होते. ते कोणावर रागावले नाहीत. हातातली कागदी तिकिटे पुन्हा पुन्हा घडी करीत समुद्राकडे पाहत राहिले. आईने आपल्या डब्यातील खाकरे त्यांच्यापुढे केले. त्यांनी घेतले, पण खाल्ले नाहीत.

ज्यासाठी आपण मुळात आलो, ते शक्यतो पहिल्याच पूर्ण दिवशी पोर्ट ब्लेअरमध्ये उरकावे. मराठी कुटुंबाच्या बाबतीत ते बहुधा सेल्युलर जेलच असते. सावरकर बंधूंनी जेथे काळ्या पाण्याची शिक्षा भोगली, ते स्थळ पाहण्याची आईची इच्छा कितीतरी वर्षांची होती. विनायकरावांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी सकाळच्या गारव्यात, थांबत थांबत जिने चढावेत. मात्र विमानातून उतरल्याच्या दिवशी ही घाई नको, आणि त्या दिवशीची बोट तर नकोच. विमानाला उशीर झाला तर ती आपल्यासाठी थांबणार नाही. शेवटच्या मोकळ्या दिवसासाठी जे वगळले तरी हळहळ वाटणार नाही ते ठेवावे: 1883 पासूनची चॅथमची लाकूड गिरणी, नौदलाचे ‘सामुद्रिका’ संग्रहालय, थोडी खरेदी.

सूर्यास्ताचा हिशेब हा आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या दृष्टीने महत्त्वाचा. अंदमान मुंबईहून सुमारे वीस अंश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र एकच. त्यामुळे डिसेंबरात तेथे सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी दोनची बोट घेतली, तर ती पोहोचून, सामान उतरवून, खोली मिळेपर्यंत साडेचार होतात, आणि चौविहार करणाऱ्यांची धावपळ उडते. म्हणून बेटांमधील प्रवास सकाळच्या बोटीनेच करावा. सकाळी समुद्रही बहुधा शांत असतो. दुपारचीच बोट मिळाली तर हॉटेलला आदल्या दिवशी दूरध्वनी करून चारला जेवण तयार ठेवण्यास सांगावे. ‘जैन भोजन’ एवढेच म्हणून थांबू नये. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आले नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे. वरण-भात, पालेभाजी, दुधी, नारळ मिळण्यास अडचण पडत नाही.

बोट लागणे हा प्रकार थट्टेवारी नेऊ नये. बोटीच्या मध्यभागी किंवा मागील बाजूस, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. आसने निवडतानाच ज्येष्ठांसाठी तशी घ्यावीत, खिडकीचा मोह नातवंडांना सोडावा. डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, मळमळू लागल्यावर नव्हे. आले वर्ज्य असणाऱ्यांनी सुंठ जवळ बाळगावी. पोट अगदी रिकामे नको आणि तुडुंबही नको.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. प्रवाशाचे नाव ओळखपत्रावर असेल तसेच तिकिटावर घालावे. परदेशातून आलेल्या नातलगांनी पारपत्र सोबत ठेवावे. धक्क्यावर सामानाची तपासणी होते, वजनाची मर्यादा असते, म्हणून तासभर आधी पोहोचावे. पोर्ट ब्लेअरमध्ये धक्केही निरनिराळे आहेत: सरकारी बोटी फिनिक्स बेवरून, खासगी सामान्यतः हॅडोवरून. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाल्यापासून आंतरजाल पुष्कळ सुधारले आहे. तरी तिकिटांच्या छापील प्रती आणि थोडी रोख रक्कम जवळ असू द्यावी. पोर्ट ब्लेअरजवळील लहान बेटांना नेणाऱ्या छोट्या बोटींत चढताना डोकी मोजावीत. 26 जानेवारी 2014 रोजी अशाच एका पर्यटक बोटीत क्षमतेहून अधिक माणसे भरली होती. ती उलटून वीसहून अधिक जण बुडाले. गर्दी दिसली तर पुढच्या फेरीने जावे, आणि लाइफ जॅकेट मुलांना घालताना स्वतःही घालावे, पट्टे आवळून.

बोट रद्द झाल्यास रक्कम केव्हा व कशी परत मिळते, दुसऱ्या बोटीत जागा देतात का, हे पैसे भरण्यापूर्वी वाचून घ्यावे. हे काम घरातील एखाद्या तरुणावर सोपवावे, आणि त्याच्याकडून सर्वांची तिकिटे, वेळा व धक्क्यांची नावे मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून घ्यावीत. आमच्या आईने तो कागद पर्समध्ये ठेवला होता. रोज सकाळी चष्मा लावून ती तो वाचून दाखवीत असे.