बैठक

आमचे घर डहाणूत आणि वर्कशॉप तलासरीत. महामार्गालगतच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील गिरण्यांची यंत्रे भंगारात जाऊ लागली, त्या काळात पपांनी तो विकत घेतला. चिकूच्या वाड्यांतील पंपांचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, बैलगाडीच्या आसांचे बुश अशी नाना कामे त्याने केली. आम्हां दोघा भावांची शिक्षणे आणि बहिणीचे लग्न त्याच लेथच्या कमाईवर पार पडले.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरत असताना एक वारली शेतकरी पंपाचा शाफ्ट घेऊन आले. तो आम्हीच कातून दिलेला होता. "दादा, दोनदा नवं बेअरिंग घातलं. दोन्हीही गेली. आता दोष बेअरिंगचा की तुमचा?" त्यांनी शांतपणे विचारले. आम्ही मायक्रोमीटर लावला. बेअरिंग बसण्याची जागा एका अंगाने एक माप दाखवी आणि दुसऱ्या अंगाने दुसरे. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चारच. पण बेअरिंगचे आयुष्य संपवण्यास तेवढा पुरेसा होता.

शाफ्ट वाकडा कातला गेला, कारण कातणारा लेथच आतून ढिला झाला होता. तो का ढिला झाला, हे आम्ही दोघेच जाणत होतो.

बारा वर्षांपूर्वी पपा आजारी असताना लेथच्या पुढच्या बेअरिंगने आपली बैठक सोडली. हेडस्टॉकच्या बिडातील ज्या भोकात ते घट्ट बसावयाचे, त्यातच त्याची बाहेरची कडी फिरू लागली आणि बीड झिजले. हातात तातडीचे काम होते, घरात औषधांचा खर्च होता. आम्ही बैठकीच्या आतल्या अंगास पंचाने टिंबेच टिंबे मारली. प्रत्येक टिंबाभोवती धातू किंचित वर उठतो आणि बेअरिंग अडकून बसते. परंतु ते त्या शिखरांवरच टेकलेले असते. शिखरे दबली की पुन्हा ढिलाई! हे ठाऊक असूनही पपांना आम्ही सांगितले, "नीट बसवले." पुढे दोनदा बेअरिंग बदलले. बैठकीला मात्र हात लावला नाही.

त्या रात्री आम्ही पपांना सारे सांगितले. ते रागावले. जेवणावरून उठेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. हात धुऊन आल्यावर एवढेच विचारले, "मागची बैठक मोजलीत का?"

मोजली नव्हती. दुसऱ्या दिवशी स्पिंडल बाहेर काढून मोजली, तर ती शाबूत निघाली. पपांच्या प्रश्नाचा अर्थ तेव्हा उमगला. पुढची बैठक झिजून लंबगोल झाली होती. तिच्यावरून मूळ मध्य शोधणे व्यर्थ होते. मागच्या बैठकीला साक्षीदार मानले, तरच स्पिंडलचा खरा अक्ष हाती लागणार होता.

डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला आणि येथील उद्योगांवर बंधने आली. त्या बंधनांमुळे आमच्या वाड्या राहिल्या, याचे आम्हांस समाधान आहे. पण मोठ्या बोअरिंग मशीनसाठी आम्हांला गुजरातची हद्द ओलांडून वापी गाठावी लागते. हेडस्टॉक टेम्पोत घालून तेथे नेला. मागच्या बैठकीवर डायल फिरवून अक्ष धरला. पुढचे भोक, जे ११० मिलिमीटरच्या बेअरिंगसाठी होते, ते १२२ पर्यंत मोठे केले. आमची पंचाची टिंबे त्या कातणात निघून गेली. मग बिडाचा बुश दाबून बसवला. त्याचे आतले माप मुद्दामच कमी ठेवले होते. कारण दाबून बसताना बुश आवळला जातो आणि आधी केलेले माप फसते. शेवटचा हात बुश जागेवर बसल्यानंतरच, त्याच अक्षावर फिरवावा लागतो.

इंग्लंडमध्ये १८०० च्या सुमारास आट्या पाडणारा अचूक लेथ घडवणाऱ्या हेन्री मॉड्सले यांच्या कारखान्यात एक मायक्रोमीटर होता. त्याला 'लॉर्ड चॅन्सेलर' असे नाव पडले होते. मापाचा तंटा झाला की अखेरचा निवाडा त्याचा. आमच्या शेडमध्ये तो मान डायलला आहे. लेथ जोडल्यावर पपांना डहाणूहून आणले. आम्ही स्पिंडलला डायल लावून चक हाताने फिरवला. काटा जेमतेम हलला. पपांनी चष्मा पुसून स्वतः पाहिले आणि म्हणाले, "एक गज कातून दाखवा." गज कातला, दोन्ही टोकांना मापला, मापे जुळली. तेव्हा कुठे त्यांनी चहा मागवला.

अकरा दिवस वर्कशॉप बंद होते. खर्चही बराच झाला. त्या शेतकऱ्यांना नवा शाफ्ट कातून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि कारणही सांगितले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. शाफ्ट खांद्यावर टाकताना एवढेच म्हणाले, "मग आमच्या गावातल्या बाकीच्यांचं काय?"

तेव्हापासून आम्ही जुन्या वह्या काढून बसलो आहोत. बारा वर्षांत कोणाकोणाचे शाफ्ट त्या ढिल्या बैठकीवर कातले गेले, त्याची यादी होत आहे. एकेकाला निरोप धाडतो. काहीजण येतात, काहींचे पंप केव्हाच भंगारात गेले. लेथची बैठक अकरा दिवसांत दुरुस्त झाली. ही यादी मात्र अजून संपलेली नाही.