अंगावर येणं

मराठीत दात विचकून धावणारं कुत्रं ‘अंगावर येतं’, आणि शेपटीसकट कंबरडं हलवत छातीवर पुढचे पाय टेकणारंही अंगावरच येतं. शब्द एकच, त्यामुळे शिक्षाही एकच होते. खरं तर दुसऱ्या कुत्र्याला हवं असतं ते माणसाचं तोंड. लांडग्याची पिल्लं मोठ्यांच्या ओठांचे कोपरे चाटतात. त्यासरशी मोठं जनावर पोटातलं अन्न त्यांच्यापुढं ओकतं. भुकेची ही खूण पुढं भेटीची खूण होते, आणि कुत्र्यांतही ती टिकली आहे. माणसाचं तोंड मात्र चार-पाच फुटांवर. उडीशिवाय पोचायचं कसं? यावर हमखास उत्तर येतं की कुत्रं वरचढपणा दाखवतं, गुडघा मारून पाडा त्याला. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकानं कोंडलेल्या लांडग्यांमधली चढाओढ १९४७ साली नोंदवली, तिथवर या समजुतीची मुळं जातात. पण त्याच शेंकेलनं १९६७ साली तोंडाशी केलेली ही लगट नमतं घेणारी ठरवली आणि तिचा उगम पिल्लांच्या मागण्यात दाखवला. लोकांनी पहिला शेंकेल उचलला, दुसरा वाचलाच नाही, याची खंत वाटते.

मग असोद्याच्या शिवारात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजताना भोवती जमणारी गावची कुत्री का उडी मारत नाहीत? ती दूरच बसतात, कारण वाकलेला माणूस दगड उचलतो हे त्यांना पाठ असतं. ओढ मात्र त्यांनाही आहे. कोलकात्याच्या आयसर या संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा भेटत राहिला, तर रस्त्यावरची कुत्री खाण्यापेक्षा कुरवाळण्यानं अधिक विश्वासानं जवळ येतात. घरच्या कुत्र्याला उडी मारायचा धीर आपणच दिलेला असतो. पिल्लू असताना उडीला उचलून घेतो, मोठेपणी ढकलतो. आणि ढकलणं हाही त्याच्या लेखी स्पर्शच. म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊन खुबा मोडू शकतो, म्हणून सवय मोडायला हवी, हे पूर्ण मान्य. पण ती मोडते चारही पाय जमिनीवर असताना आपण खाली बसल्यानं. त्याला हवी ती भेट खालीच मिळाली, की उडीचं काम उरत नाही.

जवळ येण्याच्या गुन्ह्याची एक जुनी फिर्याद महाभारताच्या आदिपर्वात आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजय राजाचं दीर्घ यज्ञसत्र चालू असतं. सरमा या देवकुत्रीचं पोर तिथं येतं, आणि राजाचे तिघे भाऊ, श्रुतसेन, उग्रसेन, भीमसेन, त्याला बदडतात. ते रडत आईकडं जातं. आईची शंका कुठल्याही घरातली आहे: तूच काहीतरी केलं असशील. पोर सांगतं, मी हवीकडं पाहिलं नाही, जीभही लावली नाही. एवढ्या अफाट ग्रंथाच्या आरंभीच व्यासांनी ही साक्ष नोंदवून घेतली, हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडं भूतदयेचे दाखले पुष्कळ, पण मुकं जनावर आपली बाजू मांडतं आणि आई ती खरी मानून थेट राजापुढं जाते, असं क्वचितच. सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, यानं काही अपराध केला नाही, मग मारलंत का? भाऊ काहीच बोलत नाहीत. न दिसणारं भय तुमच्यावर येईल, असं म्हणून ती निघून जाते, आणि सत्र संपल्यावर जनमेजय हस्तिनापुराला परततो, तो हा शाप शमवील अशा पुरोहिताच्या शोधात.