बेरीज चुकते म्हणे!

इंजिनिअरिंगला असताना सरांनी फळ्यावर एक गोल काढला, त्याला तीन-चार बाण जोडले आणि म्हणाले, "हा न्यूरॉन. येणारे आकडे वजनाने गुणायचे, बेरीज करायची, मर्यादा ओलांडली तर १, नाहीतर ०." संपलं! असा एकटा न्यूरॉन एक्सऑर करू शकत नाही, हे १९६९ मध्ये मिन्स्की आणि पेपर्ट यांनी दाखवून दिलं, तेही परीक्षेपुरतं पाठ केलं. (एक्सऑर म्हणजे दोनपैकी नेमकं एकच इनपुट आलं तर हो, दोन्ही आली तर नाही.)

त्याच सुट्टीत माझ्या मावसबहिणीने, ताईने, विचारलं, "मेंदूचं शिकतोयस ना? मग मला फिट का येते ते सांग की." मी ऐटीत म्हणालो, "सोप्पंय. बेरीज चुकते." ती हसली नाही.

परवा शनिवारी 'सायन्स'मधला २०२० चा एक पेपर वाचत बसलो होतो. बर्लिनच्या मॅथ्यू लार्कम यांच्या गटाचा. न्यूरॉनच्या फांद्या, म्हणजे डेन्ड्राइट्स, मी आजवर नुसत्या वायरी समजत होतो. पण त्यांच्यावर कॅल्शियमसाठी दारं असतात. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त. दार उघडलं की ते आत घुसतं आणि फांदीतच विजेची लाट उठते. माणसाच्या कॉर्टेक्सच्या वरच्या थरांत तर भलतीच गंमत! तिथे जेमतेम मर्यादेइतक्या इनपुटला ही लाट सगळ्यात मोठी उठते, आणि इनपुट आणखी वाढवलं की बारीक होते. एक आलं तर हो, दोन्ही आली तर गप्प. अशी एक फांदी एक्सऑर सोडवू शकते, हे त्यांनी कॉम्प्युटर मॉडेलवर दाखवलं.

मिन्स्की-पेपर्ट चुकले नव्हते बरं का. त्यांचं गणित फळ्यावरच्या गोलाचं होतं. त्या गोलाला खरा न्यूरॉन समजलो, ती चूक माझी.

आणि माणसाच्या जिवंत पेशी मिळाल्या कुठून? एपिलेप्सी आणि ट्यूमरच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यांतून.

तिथे थांबलो आणि ताईला फोन लावला.

"ताई, मी तुला मागे एक चुकीचं उत्तर दिलं होतं."

"बेरीजवालं ना?"

म्हणजे इतकी वर्षं लक्षात होतं.. "मला माहीत नाही" एवढंच त्या दिवशी म्हणायला हवं होतं.